मले भेव लागते, देवा

माझ्या नवऱ्याच्या गळ्याला समोरून एक भोक आहे, रुपयाच्या नाण्याएवढं. हे त्यातूनच श्वास घेतात. नाकातोंडाचा आणि श्वासाचा संबंध डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये कायमचा तोडला, कारण मधला आवाजाचा सगळा भाग कॅन्सरने खाल्ला होता. भोक आवळून जाऊ नये म्हणून पहिलं वर्षभर त्यात एक वाकडी, बोटभर नळी बसवलेली होती. ती दिवसातून तीनदा काढायची, धुवायची, उकळायची आणि परत बसवायची. ते काम माझं होतं.

मी जन्माची घाबरट. दुर्गला माहेरी होते तेव्हा मागच्या अंगणातल्या विहिरीजवळ एकटी जात नसे. लग्न होऊन भिलाईला आले, तर स्टील प्लांटचा भोंगा वेळ सोडून वाजला की हातातलं काम तसंच टाकून फाटकात उभी राहायचे. हे रोलिंग मिलमध्ये. तिथे लाल झालेलं लोखंड सापासारखं पळतं, असं ह्यांनीच एकदा हसत सांगितलं होतं. ते मला सांगायला नको होतं. तेव्हापासून प्रत्येक शिफ्टला मी मनातल्या मनात त्या लाल सापासमोर उभी असायचे. पण घरात एक न घाबरणारा माणूस होता, म्हणून माझं भागून जात होतं.

ह्यांचं घर ख्रिस्ती. सासरे गोंदियाकडून आलेले, प्लांट उभा राहत होता तेव्हाचे कामगार. माझं माहेर हिंदू. लग्नाआधी माझा बाप्तिस्मा झाला, आणि माझे वडील दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मुलगी झाली तेव्हा बोलायला लागले. मी दर रविवारी ह्यांच्याबरोबर चर्चला जायचे, गाणी म्हणायचे, डोळे मिटायचे. पण खरं सांगायचं तर तीस वर्षं माझा विश्वास ह्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून चालला होता. गाडी हे चालवत होते.

सकाळच्या चहाआधी आमच्या घरात प्रार्थना व्हायची. ती हे करायचे, मोठ्याने. चर्चमधली उपासना हिंदीत असते, कारण तिथे छत्तीसगढी, मल्याळी, उडिया सगळेच येतात. घरची प्रार्थना मात्र ह्यांनी कायम आपल्या बोलीत केली. "हे दयाळू बापा," इथून सुरू व्हायचं आणि मग शेजारच्याच्या पायाच्या हाडापासून मुलीच्या परीक्षेपर्यंत सगळं यायचं. मिलमधल्या कुठल्या पोराचं लग्न मोडलं तर तेही यायचं. आवाज खर्जातला, सावकाश. मी शेवटी आमीन म्हणायचे आणि गॅस पेटवायचे. एवढाच माझा वाटा.

कधीतरी हे म्हणायचे, "आज तू कर नं प्रार्थना."

"मले नाई येत तुमच्यासारखी."

"येत कावून नाई? बोलता तर येते नं तुले? दिवसभर तं बोलून राहिली असते."

मी हसून टाळायचे. माझ्याजवळचे शब्द भाजी, धुणं, मोलकरीण यांचे. ते देवापुढे कसे काढायचे, असं वाटायचं.

ह्यांचा आवाज जाड व्हायला लागला, तेव्हा आम्ही धुळीला दोष दिला. मग थंडीला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, काढे झाले. एका रविवारी चर्चमध्ये बायबलचा शास्त्रपाठ वाचायला हे उभे राहिले आणि तिसऱ्या ओळीवर आवाज फाटला. हे खाकरले, परत वाचायला गेले, तर नुसती हवा. मागून कोणीतरी उठून पुढच्या ओळी वाचल्या. हे जागेवर येऊन बसले आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, जणू काही गंमत झाली. मी मात्र हसले नाही.

रायपूरला तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगणारे. ते म्हणाले, आवाज जाईल, जीव वाचण्याची आशा चांगली आहे. ह्यांनी विचारलं, "खाना तो खा सकूँगा न?" डॉक्टर म्हणाले, येईल. हे म्हणाले, "फिर ठीक है।" मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. उठताना बघितलं तर माझ्या तळहातावर खुर्चीच्या पट्टीचे वळ उठले होते.

ऑपरेशनच्या सकाळी मुलगी पुण्याहून आलेली होती. खोलीत ह्यांनी प्रार्थना केली. घोगरी, तुटक, अगदी छोटी. मला वाटलं, हे शेवटचे शब्द, ते मी लक्षात ठेवीन. पण शेवटचे शब्द ते नव्हते. स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारात पोचलं तेव्हा हे मान वळवून मला म्हणाले, "माह्या चपला उचलून ठेव. नाईतर कोनी घेऊन जाईन." दार बंद झालं.

मी चपला उचलून पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन सात तास बसले. प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले. "हे दयाळू बापा," म्हटलं आणि पुढे काहीच नाही. शाळेत पाठ केलेली कविता बाईंसमोर विसरावी तसं झालं. ते शब्द माझे नव्हतेच, पुढचे कुठून येणार? मी डोळे उघडले आणि थिएटरच्या दारावरच्या लाल दिव्याकडे बघत राहिले. मुलगी माझा हात धरून होती. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की मी एकटी पडले तर देवाशी बोलायचं कसं, हेसुद्धा मला माहीत नाही.

नवव्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरने मला बोलावलं. केरळची, बुटकी, बोलायला कडक. ती हिंदीत म्हणाली, "आज आप सीखेंगी।" तिने हातमोजे घातले, ह्यांच्या गळ्याची पट्टी सोडली आणि नळी एका झटक्यात बाहेर काढली.

मी तोपर्यंत त्या जागेकडे नीट पाहिलंच नव्हतं. आत लाल, ओलं, हलणारं मांस. हे श्वास घेत होते तसं ते भोक थोडं रुंद व्हायचं, थोडं मिटायचं. आतून शिट्टीसारखा आवाज. माझ्या कानात गरम काहीतरी भरत गेलं. मी मागे सरकले, खाटेला धडकले आणि पळाले. खरोखर पळाले. जिना उतरून खाली कँटीनच्या पायरीवर जाऊन बसले, आणि पदर तोंडात कोंबला. तीस वर्षं ज्या माणसाच्या आधाराने उभी होते त्याच्या गळ्याकडे मला बघवत नव्हतं. याची मला इतकी लाज वाटली की वर जाऊच नये, असं वाटलं.

थोड्या वेळाने सिस्टर स्वतः खाली आली. मला वाटलं ओरडेल. ती शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "डर के मारे भागी न? ठीक है। भाग लिया। अब चलो।"

"मुझसे नहीं होगा, सिस्टर।"

"घर में मैं नहीं आऊँगी। आप ही होंगी।"

मी वर गेले. हातमोज्यात बोटं नीट जात नव्हती. नळीला जेली लावली, भोकाजवळ नेली. ह्यांनी डोळे मिटून खाटेचा दांडा धरला. नळी आत टेकली तसा ह्यांना खोकला आला आणि सगळा कफ माझ्या तोंडावर उडाला. मी तशीच रडत रडत नळी आत बसवली. सिस्टरने माझा चेहरा कापसाने पुसला. "अच्छा," म्हणाली, एवढंच.

महिन्याभराने आम्ही सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरला परत आलो. मुलीची सुट्टी संपली, ती गेली. आणि खरी भीती तेव्हा सुरू झाली.

आंघोळ घालताना भीती, कारण एक तांब्या चुकीचा पडला तर पाणी सरळ फुप्फुसात. बाहेर व्हरांड्यात बसले तर भीती, धूळ आत जाईल. झाडाखालून चालले तर भीती, किडा आत जाईल. ह्यांना वास येणं बंद झालं होतं, म्हणून गॅसची भीती. मी गॅसची टाकी दिवसातून कितीदा तपासायचे ते सांगण्यासारखं नाही. सगळ्यात मोठी भीती मात्र कफ वाळण्याची होती. नाकातून जाणारी हवा ओली होऊन जाते. गळ्यातून जाणारी कोरडी जाते, आणि आतला कफ वाळून खपली धरतो. खपली मोठी झाली तर श्वासाची वाटच बंद. म्हणून गळ्यावर ओली जाळीची पट्टी, दर दोन तासांनी सलाइनचे थेंब, वाफ. मी संडासातसुद्धा दार लोटून बसायचे, कडी लावायचे नाही. ह्यांच्याजवळ एक स्टीलची थाळी आणि चमचा ठेवला होता. काही लागलं की वाजवायचे. चमचा वाजला की मी जिथे असेन तिथून पळत सुटायचे, आणि बहुतेक वेळा हे टीव्हीचा रिमोट मागत असायचे.

बोलणं पाटीवर. आणि तिथे मला एक धक्का बसला. ह्यांचं शिक्षण हिंदीतलं, भिलाईतल्या शाळेतलं. हे आयुष्यभर माझ्याशी मराठीत बोलले, पण लिहायला बसले की हात हिंदीच लिहायचा. पानी. चाय कम मीठी. बेटी का फ़ोन आया? पाटीवरचा तो माणूस शहाणा, सभ्य, पण माझा नव्हता. माझा माणूस "कावून" म्हणायचा, "जाऊ दे नं बावा" म्हणायचा. त्या घरात आता मराठी बोलणारी मी एकटी उरले होते.

सकाळची प्रार्थना तशीच चालू होती, पण मुकी. हे डोळे मिटून बसायचे, ओठ हलायचे. मला शब्द कळायचे नाहीत. संपली कधी तेही कळायचं नाही, म्हणून मी मध्येच एक डोळा उघडून बघायचे. कितीदा तरी मी फक्त ह्यांच्या गळ्याचा आवाज ऐकत बसायचे, शिट्टी वाढली का, खरखर आहे का. देव त्या खोलीत होता की नाही, ते मला ठाऊक नाही. मला राग येत होता. ज्या आवाजाने रोज तुझं नाव घेतलं तोच काढून घेतला, असं मनात यायचं, आणि मग तेवढं मनात आल्याचीही भीती वाटायची.

पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारात बांगड्या विकणारी एक छत्तीसगढी म्हातारी आमच्याच चर्चला येते. सगळे तिला दाई, म्हणजे आई, म्हणतात. राहते जामुलला, एकटी. नवरा आणि मुलगा दोघेही तिच्या डोळ्यांदेखत गेलेले. ती मंगळवारी आमच्याकडे येऊ लागली. बाकीचे लोक यायचे ते ह्यांना भेटायला. दाई सरळ स्वयंपाकघरात यायची, खाली बसायची आणि मी जे करत असेन त्यातलं अर्धं ओढून घ्यायची. लसूण सोलायची, तांदूळ निवडायची.

एका मंगळवारी मी नळी उकळत होते. पातेल्यात ती खुळखुळ वाजत होती. दाईने विचारलं, कशी आहेस. मी म्हटलं, बरी. तिने परत विचारलं. मग माझं धरण फुटलं. मी तिला सगळं सांगितलं. झोप नाही, कान थकलेत, मी थाळीच्या आवाजाला भिते, आणि आवाज नाही आला तर त्याहून जास्त भिते. आणि प्रार्थना येत नाही.

दाई लसूण सोलतच होती. म्हणाली, "डर लागत हे त ओही ल बता। मोला बताय ले का होही?"

भीती वाटते तर त्यालाच सांग, मला सांगून काय होणार? एवढंच. मी विचारलं, कसं सांगू, मला शब्द येत नाहीत. ती म्हणाली, मला आत्ता सांगितलंस ते कोणते शब्द होते? मग लसणाची टरफलं गोळा करून बाहेर टाकायला गेली.

दुसऱ्या सकाळी आम्ही बसलो. ह्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मला ह्यांचा गळा दिसत राहायला हवा होता. नवऱ्यासमोर, त्याच घरात, तीस वर्षांनी, मला लग्नाच्या दिवसासारखी लाज वाटत होती. मी म्हणाले, "देवा, मले भेव लागते."

पुढे काही सुचलं नाही. ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी परत म्हणाले, "मले लई भेव लागते. नळीचं भेव लागते. हे मरून जातीन याचं भेव लागते. मले काहीच नाई येत. इतकंच."

आमीन म्हणायचंही मी विसरले. ह्यांनी पाटी ओढली, लिहिलं, आणि माझ्याकडे फिरवली. "आमीन." आणि त्याखाली, चुकीच्या वेलांटीने, अडखळत, मराठीत: "मलेबि."

मलाही. ह्यांनाही भीती वाटत होती. तीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं. हे वाचून माझी भीती वाढायला हवी होती. पण झालं वेगळंच. आम्ही दोघे एकाच बाजूला आलो, आणि समोर ज्याच्याशी बोलायचं तो. मग मी गॅस पेटवला.

त्यानंतर रोज मी बोलू लागले. सुंदर नाही. आज सलाइन संपत आलंय, दुकान उघडं असू दे. आज खोकल्यात रक्ताची रेघ दिसली, ती काय आहे मला माहीत नाही, तू पाह्य. आज मुलीच्या आवाजात काहीतरी होतं, तिला सांभाळ. येशू, तुले तं भीतीचं माहीत आहे, मरायच्या आधी तूबी घाबरला होता. हे एकदा तोंडून निघून गेलं आणि मी थबकले. चर्चमध्ये शंभरदा ऐकलेली गोष्ट, क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत घामाघूम होऊन प्रार्थना करणाऱ्या येशूची. पण तो घाबरला होता, हे मी त्या दिवसापर्यंत खरं ऐकलंच नव्हतं.

मग मे महिना आला. त्या दिवशी लाइट सकाळीच गेली. कूलर बंद. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, आणि हलायचं तेव्हा गरम झळ यायची. दुपारी बाराच्या सुमाराला मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. थाळी वाजली. रोजच्यासारखी नाही. थांबत नव्हती. मग थाळीच फरशीवर पडली.

मी आत गेले तर हे बेसिनजवळ उभे, एक हात भिंतीला, एक गळ्याला. चेहरा राखेसारखा, ओठ निळसर. छाती वर ओढली जात होती आणि हवा जात नव्हती. नेहमीची शिट्टी नाही. ती नसणं इतकं भयंकर असेल असं मला वाटलं नव्हतं. मी ह्यांना खुर्चीवर बसवलं, पट्टी तोडली, नळी ओढून काढली. तरीही काही नाही. आत बघितलं तर तपकिरी, चकाकणारं, वाटेत आडवं बसलेलं.

वॉर्डाचा नंबर फोनवर पहिलाच ठेवलेला होता. त्याच सिस्टरने उचलला. मी काय बोलले कोण जाणे. ती ओरडली, "सलाइन डालो! पाँच-छह बूँद! डालती रहो, खाँसने दो! ॲम्ब्युलेंस मैं भेजती हूँ, आप रुको मत!"

मी फोन तसाच जमिनीवर टाकला. थेंब टाकले. ह्यांना खोकला आला, पण तो आतल्या आतच अडला. परत थेंब. ह्यांच्या डोळ्यांत मी तेव्हा जे पाहिलं ते कुठल्याही बायकोने नवऱ्याच्या डोळ्यांत पाहू नये. मी टॉर्च दातांत धरला, हॉस्पिटलने दिलेल्या किटमधला लांब चिमटा काढला. आणि तोंडात टॉर्च असताना मी बोलत होते. शब्द नीट फुटत नव्हते, लाळ गळत होती, पण मी बोलत होते. देवा, धर. माया हात धर. येशू, धर माया हात, धर, धर.

हात थरथरायचे थांबले असं मी सांगणार नाही. ते खोटं होईल. हात थरथरतच होते, पण थरथरत थरथरत काम करत होते. चिमटा खपलीच्या कडेला लागला. ओढलं, तुकडा निघाला, बाकीचं तसंच. परत थेंब. परत चिमटा. ह्यांचं डोकं माझ्या दंडावर कलंडलं. मी ओरडले, "खोका! खोका नं जी!" आणि ह्यांच्या पोटातून कुठूनतरी एक खोकला आला. चिंचोक्याएवढा खडा उडून माझ्या ब्लाउजला लागला. मागून हवा आत गेली. आवाज आला. कोणीतरी कापड टरकावून फाडावं तसा. मग परत. मग परत.

ह्यांच्या ओठांवरचा निळा रंग हळूहळू गेला. मी मोजत होते, श्वास, एकेक. जमिनीवरून सिस्टरचा आवाज येत होता, "हॅलो! हॅलो! क्या हुआ?" मी फोन उचलून तिला ह्यांचा श्वास ऐकवला. फोनवर तिचाही श्वास मला ऐकू येत होता.

ॲम्ब्युलन्स आली, आम्ही जाऊन आलो, तिथे डॉक्टरांनी आतली वाट दुर्बिणीने साफ केली. संध्याकाळी परत घरी. तेव्हा मी स्वयंपाकघरात खाली बसले. हे येऊन शेजारी बसले. आम्ही काहीच केलं नाही. बसलो. मला वाटलं होतं, इतकं मोठं संकट टळलं की माणसाला शांती मिळत असेल. मला मिळाली नाही. मला फक्त एवढं कळलं होतं, की मी ओरडले तेव्हा कोणाला ओरडले ते मला पक्कं माहीत होतं. ऐकणारं कोणी नाही, असं त्या वेळी एक क्षणही वाटलं नव्हतं. माझी शांती तेवढीच आहे. अजूनही त्याहून मोठी झालेली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नळी उकळायला तेवढी पुरली.

वर्षभराने भोक आता आवळणार नाही हे पक्कं झालं आणि डॉक्टरांनी नळी काढून टाकली. आता नुसती ओली पट्टी. दर तीन महिन्यांनी रायपूरला दाखवायला जातो, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मला जेवण जात नाही. आतापर्यंत तीनदा त्यांनी चांगलंच सांगितलंय. एकदा एक गाठ दिसतेय म्हणाले. पंधरा दिवस आम्ही थांबलो. पंधराही सकाळी मी तेच म्हणाले, मले भेव लागते. ती जुन्या टाक्याची गाठ निघाली.

गेल्या महिन्यात दाई आजारी पडली. ताप, आणि खोलीत कोणी नाही. चर्चमध्ये कळलं तेव्हा मी म्हणून गेले की उद्या मी जाते. घरी आल्यावर भानावर आले. ऑपरेशनपासून मी ह्यांना एकट्याला सोडून कुठे गेले नव्हते. एरवी ह्यांच्याजवळ बसणारी शेजारीण गावाला गेलेली. मी ह्यांना म्हणाले, "नाई जात मी. दुसऱ्या कोनाले सांगते."

ह्यांनी पाटीवर लिहिलं, "जा." मग माझा चेहरा बघून खाली लिहिलं, "मैं मरूँगा नहीं. दो घंटे में कौन मरता है?"

ह्यांचा विनोद मला आवडला नाही. तरी मी डबा भरला. ठरलं असं, की मी फोन करायचा आणि ह्यांनी फोनवर दोनदा टकटक करायचं. पावर हाउसपर्यंत ऑटो, तिथून जामुलची बस. बसमध्ये बसल्याबरोबर मी फोन केला. टकटक. दहा मिनिटांनी परत. टकटक. तिसऱ्यांदा केला तेव्हा टकटक जरा रागाने झाली. मी डोळे उघडे ठेवून, खिडकीबाहेर सिमेंट कारखान्याच्या धुळीने पांढरी पडलेली झाडं बघत, तोंडातल्या तोंडात बोलत होते. देवा, मी इथं आहे आन् हे तिथं. मले दोन्ही जागी राहता येत नाई. तू राह्य.

दाईच्या खोलीत अंधार आणि विड्यांचा वास. ती घोंगडीखाली कुडकुडत होती. मी तिला उठवून बसवलं, पेज पाजली, डोक्यावर ओली घडी ठेवली. पलंगाखालचं बांगड्यांचं टोपलं तिने मला पुढे ओढायला लावलं. कुठल्या फुटल्या ते बघ, म्हणाली. मी एकेक गाठोडं सोडत होते, आणि ती पडल्या पडल्या सांगत होती, ह्या लग्नाच्या, ह्या रोजच्या, ह्या हिरव्या कोणी घेत नाही. ताप थोडा उतरला तशी ती गाढ झोपली. तिच्या घोरण्यात मी हिरव्या बांगड्या मोजत बसले होते.

मग मी घड्याळ पाहिलं. पाऊण तास होऊन गेला होता. त्या पाऊण तासात मला ह्यांचा गळा एकदाही आठवला नव्हता.

मी लगेच फोन केला. टकटक झाली.